सहा वर्षांची कालवड

२८०

समृद्धीला बघायला लोक यायचे आणि नाराज होऊन परत जायचे.

आजाऱ्याला भेटायला जायची हिरडेवाडीत एक ठरलेली रीत होती. बिस्किटचा पुडा नाहीतर अर्धा डझन केळी घ्यायची, उशाशी बसायचं, कसं झालं ते पहिल्यापासून विचारायचं, मधून मधून चुकचुकायचं, आपल्या माहेरी कुणाला अगदी असंच झालं होतं आणि ते कितव्या दिवशी गेलं हे सांगायचं, चहा प्यायचा आणि उठायचं. सगळं कसं शिस्तीत. फक्त त्याला एक गोष्ट लागायची. आजारी माणूस आडवं पाहिजे.

समृद्धी आडवी नसायची. तळेघरहून चढण चढून, धापा टाकत माणसं दारात पोचली की ती जांभळावरून खाली उतरायची, फ्रॉकला हात पुसायची आणि म्हणायची, आई घरात हाय, बसा. पाहुणे विचारायचे, पेशंट कुठाय? ती म्हणायची, मीच की. मग पाहुण्यांचा चेहरा उतरायचा. एवढी चढण फुकट गेल्यासारखं व्हायचं.

वर पुडा बिस्किटचा. साखरेच्या आजाराला.

म्हाताऱ्यांना होतो तो साखरेचा आजार नव्हे. पोरांना होतो तो. पोटातल्या एका इंद्रियानं काम टाकलं होतं, संपावर गेल्यागत, आणि तो संप जन्मभर मिटणार नव्हता. पुण्याच्या डॉक्टरांनी रत्नाला सगळं समजावून सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ सुई. वेळच्या वेळी खाणं. गोड नाही, पण आकडा खाली घसरला तर लगेच गोडच. आणि आकडा बघायला एक तळहाताएवढं मशीन दिलं होतं. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, की मशीन आकडा सांगणार. शंभराच्या आसपास म्हणजे बरं. तीनशेकडं म्हणजे वाईट. सत्तरच्या खाली म्हणजे पळा.

तेव्हापासून रत्नाचे वार गेले. सोमवार, मंगळवार कॅलेंडरात राहिले. तिच्या दिवसांना आता आकडे होते. चिमाबाई आली तो दिवस दोनशे ऐंशीचा होता.

चिमाबाई शेजारची. तिनं बाजारात शेळी बघावी तशी पोर तपासली. पापणी खाली ओढली, जीभ बाहेर काढायला लावली, दंड चिमटीत धरून बघितला.

"दिसती तर तुकतुकीत," ती म्हणाली. "रोग कुठाय?"

"आत हाय, मावशी."

"आत म्हंजी कुठं?"

"पोटात."

चिमाबाईनं समृद्धीच्या पोटाकडं बराच वेळ बघितलं. पोट खाली-वर होत होतं. मग तिनं मोठा सुस्कारा सोडला.

"न्हाई बा दिसत," ती म्हणाली, आणि बिस्किटचा पुडा ठेवून गेली.


१९४

आजार दिसत नव्हता, पण औषध दिसत होतं, आणि ते गार ठेवावं लागत होतं.

चालू बाटली घरीच असायची. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, लहान मडक्यात डबी, डबीत बाटली. ही युक्ती डॉक्टरांनीच सांगितलेली. पण पुण्याला खेप चार महिन्यांतून एकदाच जमायची आणि पुढच्या महिन्यांच्या तीन बाटल्यांना फ्रीज हवा होता. हिरडेवाडीत फ्रीज नव्हता. खालच्या गावात एक होता, थंड सरबताच्या दुकानात. पण तो दुकानदार वीजबिलाच्या भीतीनं फ्रीज रात्री बंद करायचा आणि सकाळी सरबत पुन्हा गार करायचा. दुसरा फ्रीज गुरांच्या दवाखान्यात होता. त्यात लाळ्या-खुरकुतीची लस असायची, वीज गेली की भगवंत कंपाउंडर वखारीतून बर्फ आणून खालच्या कप्प्यात भरायचा, आणि भगवंत कधी सुट्टी घ्यायचा नाही.

भगवंतानं तीन बाटल्या ओंजळीत घेतल्या. नाही म्हणाला नाही. पण हा माणूस नियमाला पक्का. नोंद केल्याशिवाय त्या फ्रीजमध्ये त्यानं स्वतःचं ताकही कधी ठेवलं नव्हतं. त्यानं रजिस्टर उघडलं. जनावराचा प्रकार: गाय, बैल, म्हैस, कालवड, शेळी-मेंढी, कोंबडी, इतर.

त्यात माणूस नव्हता.

भगवंतानं पेन कानामागं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मान खाली घालून म्हणाला, वैनी, वाईट वाटून घेऊ नका. रत्ना म्हणाली, भगवंतभाऊ, बाटल्या उन्हात हायेत, लिवा काय लिवायचं ते. मग त्यानं लिहिलं. आणि इथंच घोळ झाला. कारण भगवंताला खोटं लिहायची सवय नव्हती. जिंदगीत एकच शब्द खोटा लिहिला, तेवढ्यानंच त्याला घाम फुटला, म्हणून पुढचं सगळं त्यानं विचारून विचारून खरं लिहिलं.

प्रकार: कालवड.
रंग: गव्हाळ.
वय: ६ वर्षे.
वजन: १७ किलो.
शिंगे: नाहीत.
वेत: नाही.
लक्षणे: पाणी फार पिते. लघवी वारंवार. खाऊनही वाळते.
मालक: बुद्धभूषण, हिरडेवाडी.
औषध: ३ बाटल्या, थंड ठेवणे.

दार लावलं. फ्रीज घुर्रर्र करून चालू झाला. रत्नाला इतकं बरं वाटलं की ती तो आवाज ऐकत तिथंच बाकावर बसून राहिली, आणि दारात गाय घेऊन आलेल्या एका माणसानं तिला विचारलं, तुमचं जनावर कुठाय?


११२

एकशे बारा. चांगला दिवस. अशा दिवशी रत्ना समृद्धीच्या वेण्या दोनदा घालायची, एकदा जरुरीपुरत्या आणि एकदा हौसेनं.

अशा दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई कागद घेऊन आला.

विषय: वंध्यत्व निवारण शिबिरास जनावर हजर ठेवणेबाबत.

आपल्या मालकीची कालवड (गव्हाळ, वय ६ वर्षे, वजन १७ किलो) ही दवाखान्याच्या नोंदीनुसार अद्याप एकदाही व्यालेली नाही. तिच्या नावे तीन बाटल्या औषध शीतकपाटात शिल्लक आहे. तरी दिनांक १४ मे २००४ रोजी सकाळी नऊ वाजता सदर जनावर दाव्यासह समक्ष हजर ठेवावे. हजर न ठेवल्यास सदर जनावर मयत समजून औषध नष्ट करण्यात येईल.

रत्नानं कागद उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. 'मयत समजून' या दोन शब्दांवर तिचं बोट थांबलं आणि तिथून हलेना. समृद्धी शेजारी येऊन टेकली. पहिलीत गेल्यापासून दिसेल ते वाचायची तिला सवय लागली होती.

"आई, वंध्यत्व म्हंजी काय?"

"तुला लगीच न्हाई लागत ते."


आकडा घेतला नाही, पट्टी वाचवली

बुद्धभूषण तळेघर ते मंचर, मंचर ते नारायणगाव अशी वडाप जीप चालवायचा. संध्याकाळी आला, हातपाय धुतले, कागद वाचला आणि जेवला नाही. एरवी तो चिडला की बोलायचा. त्या दिवशी गप्प बसला, म्हणून रत्नाला भीती वाटली.

शेवटी बोलला, तेव्हा भिंतीकडं बघून बोलला. त्याचा आजा सांगायचा, गावच्या टाक्यावर गुरं पाणी प्यायची आणि आम्ही लांब उभे राहून बघायचो. छप्पन साली आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्यापायी दोन वर्षं गावानं काम दिलं नाही. आज्यानं नाचणीची पेज पिऊन काढली, पण दावं पुन्हा हातात घेतलं नाही. आणि आता नातवानं पोरीला दाव्यासकट हजर ठेवायचं.

"माणूस म्हनून जागा मिळत न्हाई तर नको आपल्याला तो फ्रीज," तो म्हणाला.

त्याचं खरं होतं. त्याचं सगळंच खरं होतं, आणि बाटल्या तरीही गार ठेवायला लागणार होत्या. मे महिना होता. वाडीत डांबरी रस्त्यावर चप्पल चिकटत होती.

दुसऱ्या दिवशी बुद्धभूषणनं जाऊन एक बाटली काढून आणली. नारायणगावला द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून थर्मासभर मीठ घातलेला बर्फ घेतला, बाटली बर्फात रुतवली, थर्मास जीपमध्ये आपल्या सीटखाली ठेवला आणि दिवसभर पोरगी शेजारी बसवल्यासारखी जीप हळू चालवली. पाठीमागं कोंबलेले पॅसेंजर म्हणाले, भाऊ, आज वऱ्हाड हाय का? संध्याकाळी झाकण उघडलं तर बाटलीत औषध नव्हतं. औषधाच्या जागी बर्फाचा खडा होता. त्यानं तो हातात धरून वितळवला. वितळला. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदा गोठलं की ते औषध राहत नाही, पाणीच.

बुद्धभूषण त्या पाण्याकडं कितीतरी वेळ बघत बसला. मग म्हणाला, किती तारखेला हाय म्हनले ते?


गेणभाऊची सूचना, जी टिकली नाही

गेणभाऊ म्हणजे वाडीतला मोठा दिलदार माणूस. म्हणाला, पोरीला कशाला नेता, आमची तांबडी न्या. ती पण न्हाईच व्यालेली. तिला बी बघतील, तुमचं बी भागंल.

रत्ना ही युक्ती घेऊन भगवंताकडं गेली. भगवंताचा चेहरा आठवडाभर उपास केल्यासारखा झाला होता. तो म्हणाला, डॉक्टरसाहेब दात बघून वय सांगतात. तेबी चालवून घेऊ. शिंगं कापली म्हनू. पर वैनी, सतरा किलोची गाय मी कुठनं पैदा करू?

वजनाच्या त्या रकान्यानं सगळ्यांनाच बांधून घातलं. अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सहा वर्षांचं, गव्हाळ, बिनशिंगाचं, सतरा किलो वजनाचं, पाणी फार पिणारं एकच जनावर होतं, आणि ते अंगणात लंगडी खेळत होतं.


४३

चौदा मेला सकाळी सात वाजता समृद्धीला सुई दिली. दूध, भाकरी, मटकीची उसळ. नऊला दवाखान्यात. दहाला परत, असा रत्नाचा हिशेब. दुपारचं जेवण बाराला.

दवाखान्याच्या आवारात साठ गायी होत्या. मधे लाकडी खोडा. त्यात एकेक गाय उभी करायची आणि साहेब खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा घालून तपासणार. भगवंत नंबर देत होता. त्यानं रत्नाकडं न बघता चिठ्ठी दिली: तेवीस. बुद्धभूषण आवाराच्या आत आला नाही. फाटकाबाहेर जीप लावून स्टेअरिंगला धरून बसला.

रांगेत बाविसाव्या नंबरावर गेणभाऊ आणि त्याची तांबडी. चोविसाव्या नंबरावर एक अनोळखी माणूस, त्यानं विचारलं, ताई, तुमचं जनावर पानी प्यायला गेलंय का? रत्ना म्हणाली, हितंच हाय. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि पुढं विचारलं नाही.

दहा वाजले तेव्हा सातवी गाय खोड्यात होती. अकरा वाजले तेव्हा नववी. ती लाथ मारत होती.

समृद्धी मात्र खूश होती. इतक्या गायी तिनं एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. सगळ्यांत आवडली तांबडी. ती तांबडीच्या कपाळाला कपाळ लावून काहीतरी सांगत होती. साडेअकराला ती एकदम गप्प झाली, मग उगाचच हसली. रत्नानं वळून बघितलं. बाकी कुणाला काही दिसलं नसतं. पोरगी हसत होती, एवढंच. पण तिच्या वरच्या ओठावर दंवासारखा घाम होता.

"समू, बाळा, काय व्हतंय?"

"आई," समृद्धी म्हणाली, "तांबड्या दोन हायेत."

रत्नानं तिला खाली बसवलं, पिशवीतून मशीन काढलं, बोटाला टोचलं. पाच सेकंद. त्रेचाळीस. तिचा हात पदराच्या गाठीकडं गेला. पदराला साखरेची पुडी सदा बांधलेली असायची. गाठ सुटलेली होती. पुडीचा कागद होता, साखर नव्हती.

"साखर कुठं गेली?"

समृद्धीनं तांबडीकडं बोट दाखवलं. बोट तांबडीच्या शेजारी, रिकाम्या जागेकडं गेलं. "तिला भूक लागली व्हती," ती म्हणाली, आणि तिचे डोळे वर फिरले.

गेणभाऊनं तांबडीला खोड्यात चढवायला गुळाचा खडा आणला होता. तांबडी तो अर्धा चाटून बसली होती. रत्नानं तो गेणभाऊच्या हातातून हिसकला, गाईच्या लाळेसकट, दातांनी फोडला, आणि बोटानं पोरीच्या गालाच्या आत, हिरड्यांना चोळू लागली. दातखीळ बसत आली होती. चोळत राहिली. समू, गीळ. समू. गीळ गं माझी बाय.

आता काय झालं, तर माणसं गोळा झाली. वर्षभर ज्यांना आजार बघायचा होता आणि बघायला मिळाला नव्हता ती सगळी माणसं तिथं होती. आजार भर उन्हात, मधोमध, जमिनीवर आडवा पडला होता. आणि सगळी बघत होती गुळाकडं.

"ही बघा," चिमाबाई म्हणाली. ती शेळी घेऊन आली होती. "वरीसभर पोरीला गोडाला शिवू दिलं न्हाई हिनं. माझा बिस्किटचा पुडा शेळीला घातला. आन् आज बघा, ढेकळाएवढा गूळ कोंबतीय."

कुणी म्हणालं, मग साखरेचा आजार खोटाच म्हणायचा. कुणी म्हणालं, ऊन लागलंय, कांदा फोडा. कुणी म्हणालं, तिला खोड्यात धरा म्हणजे पडणार नाही. फाटकातून बुद्धभूषण पळत आला, त्याची एक चप्पल फाटकातच राहिली.

गर्दी दुभंगली आणि साहेब आले. मोजा खांद्यापर्यंत तसाच. त्यांनी मोजा उलटा काढून फेकला, खाली उकिडवे बसले, पोरीची नाडी धरली आणि मशीनवरचा आकडा बघितला. कुणीही न सांगता.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "गूळ चोळत राहा. घशात ढकलू नका. भगवंत, शिरेतून द्यायची साखरेची बाटली काढून ठेव."

मग ते रत्नाशी बोलले, आणि दवाखान्यात रोज बोलतात तसं साधं बोलले. "व्यालेली दुभती गाय कधी कधी अशीच बसते, बाई. बाहेरून काही दिसत नाही. तुकतुकीत असते. धनी म्हणतो, नाटक करतीय. आत साखर संपलेली असते." त्यांनी पोरीच्या कपाळावरचा घाम अंगठ्यानं पुसला. "जनावर कुठं सांगतं? आम्ही न दिसणारंच बघतो. दिसणारं तर गेणभाऊसुद्धा बघतो."

रत्ना गूळ चोळत होती, म्हणून तिला रडता आलं नाही.

दहा मिनिटांनी समृद्धीनं गिळलं. पंधराव्या मिनिटाला ती म्हणाली, ह्याला लाळेचा वास येतोय.


१३१

जयभीम-नमस्कार काही नाही. साहेब टेबलामागं बसले, समोर रजिस्टर उघडं. रत्नाच्या मांडीवर समृद्धी, तिच्या हातात भाकरी. दाराशी एका चपलेवर बुद्धभूषण. भगवंत भिंतीला टेकून, जणू तिथंच त्याला चिकटवलंय.

"भगवंत, ही कालवड?"

"तेवढंच खोटं हाय, साहेब," भगवंत म्हणाला. "बाकीचं समदं खरं लिवलंय."

साहेबांनी ओळ वाचली. वजन वाचलं. लक्षणं वाचली. मग त्यांनी अडचण मांडली. नोंद खरी करावी, तर माणसाचं औषध गुरांच्या फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. आजच बाहेर काढावं लागेल. नोंद बंद करावी, तर बंद करायला दोनच कारणं आहेत: विकली किंवा मेली. नोंद चालू ठेवावी, तर जनावर समक्ष पाहिल्याची सही करावी लागेल, आणि जनावर तर...

"समक्ष हाय," रत्ना म्हणाली.

"आहे," साहेब म्हणाले.

फ्रीज घुरघुरत होता. त्यात दोन बाटल्या होत्या. सगळे त्या आवाजाकडं बघत होते.

"कालवड खोडा आधी," बुद्धभूषण म्हणाला.

साहेबांनी मान वर केली.

"खोडा, साहेब. मग पुढचं बोलू. ही माझी पोरगी हाय. तुमच्या फ्रीजमधी हिचं औषध न्हाई राहिलं तर मी ते डोक्यावर घेऊन रोज पुन्याला जाईन, पर कालवड खोडा."

साहेबांनी पेन उघडलं आणि 'कालवड' शब्दावर सरळ रेघ मारली. पट्टी लावून मारली. मग पेन तसंच धरून रकान्यांकडं बघत बसले. गाय, बैल, म्हैस.

"इतर," भगवंत भिंतीपाशी पुटपुटला.

"इतरमध्ये काय काय आलंय आतापर्यंत?"

भगवंतानं पानं उलटली. एक माकड, विजेची तार लागलेलं. एक मोर. आणि गेल्या पावसाळ्यात उसातून आणलेलं बिबट्याचं पिल्लू, दोन दिवस ठेवलेलं, मग जंगलखात्याला दिलेलं.

समृद्धीनं भाकरी खाली ठेवली. "वाघ?" ती म्हणाली. "हितं? या फ्रीजमधी?"

"पिंजऱ्यात," भगवंत म्हणाला.

बुद्धभूषण पुढं आला. टेबलावर वाकून त्यानं ती ओळ स्वतः वाचली. बिबट्या, वय दोन महिने, मालक: नाही. त्यानं ती दोनदा वाचली.

"मालक न्हाई," तो म्हणाला. "मग हिच्या रकान्यात पन मालक नको. आई-बाप लिवा."

असा रकाना नाही, असं साहेब म्हणणार होते. पण पेन पुढं सरकलं. मालक शब्दावरही रेघ बसली. वर बारीक अक्षरात आई-बाप आलं. प्रकार: इतर. मग ते लक्षणांच्या ओळीकडं वळले, तेव्हा रत्नानं रजिस्टरवर हात ठेवला.

"नाव," ती म्हणाली.

"बाई, जनावराच्या नोंदीत नाव नसतं. रंग असतो, शिंगं असतात..."

"गेणभाऊच्या गायीचं नाव तांबडी हाय, ते तुमी नाय लिवत. ते गेणभाऊनं बघावं. हिचं लिवा."

साहेबांनी लिहिलं. समृद्धीनं स्वतः अक्षरं सांगितली. स, मग म ला ऋकार. मग म्हणाली, शेवटी ध ला द जोडा, आमचे गुरुजी चुकतात. साहेबांनी जोडलं. शेरा: समक्ष पाहिली. बाहेरून ठीक. आतून आजारी. उपचार चालू. सही, शिक्का.

रत्ना त्या शेऱ्याकडं बघत राहिली. वर्षभर ती हे पंधरा घरांत, शाळेत, जत्रेत, नवऱ्याच्या मावशीच्या दारात सांगत फिरली होती. कुणी म्हटलं, दिसत तर न्हाई. आता ते शाईत होतं आणि त्याच्या खाली वाळलेलं शेण लागलेला शिक्का होता.

"दर तीन महिन्यांनी पाहणी," साहेब म्हणाले. "सोबत आणायचं. मी बदलून गेलो तरी नोंद चालू राहील, पुढच्या साहेबाला तेवढं पान दाखवा. एका पानावर बारा ओळी असतात."

रत्नानं बारा ओळी बघितल्या. वर्षाच्या चार. म्हणजे एका पानात तीन वर्षं. समृद्धी सहाची. पान संपेल तेव्हा नऊची. तिनं पान उलटलं. मागं एका म्हातारीची म्हैस सुरू होत होती.

"न्हाई भागायचं, साहेब," ती म्हणाली.

"काय?"

"एवढ्या ओळीत न्हाई भागायचं. आजून पानं लावा."

"संपलं की लावू, बाई. तीन वर्षांनी..."

"आत्ता लावा."

साहेबांनी घड्याळ बघितलं, बाहेर बघितलं. तपासायच्या राहिलेल्या पन्नासेक गायी उन्हात उभ्या होत्या आणि त्यातली एक हंबरत होती. त्यांनी भगवंताला मान हलवून खूण केली. भगवंतानं कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणला. डिंक वाळून दगड झाला होता. तेव्हा त्यानं कपाट उघडून गायीच्या जखमा शिवायची वाकडी सुई आणि जाड दोरा काढला, दोरा ओवला, आणि बाकावर रजिस्टर घेऊन बसला. पानं सरकत होती. बुद्धभूषण खाली बसला आणि त्यानं दोन्ही अंगठ्यांनी ती दाबून धरली.

भगवंतानं पहिलं पान शिवलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडायला वाकला.

"बास?"

"आजून," रत्ना म्हणाली.

त्यानं दुसरं पान लावलं. तिसरं लावलं. सुई आता पुठ्ठ्यातून जोर लावल्याशिवाय निघेना, तशी बुद्धभूषणनं जागा बदलून पुठ्ठा गुडघ्याखाली घेतला. समृद्धी शेजारी बसून पानं मोजत होती आणि दहाच्या पुढं गेल्यावर चुकत होती.

"वैनी, किती?" भगवंत म्हणाला. "गाय बारा-पंधरा वर्सं जगती."

"आजून," रत्ना म्हणाली, आणि गठ्ठ्यातलं पुढचं पान काढून त्याच्या हातात दिलं.